विल्फ स्टॅदर्सचा उरलेला शब्द

अर्धांगाच्या झटक्यानं विल्फ स्टॅदर्सचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि जाता जाता वाचाही नेली. जिभेवर एकच शब्द मागे राहिला: 'होल्ड'.

इंग्लंडमधल्या अख्ख्या हल बंदरात ज्याच्या शिव्यांना तोड नव्हती, त्या माणसाची ही गत. चाळीस वर्षं त्यानं आइसलंडच्या समुद्रात मासेमारी केली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. एखादाच शब्द टिकतो, आणि कुठला टिकेल ते कुणाच्या हातात नसतं.

त्याची मुलगी नोरीन मासे धुरी देऊन टिकवण्याच्या कारखान्यात कामाला होती. सुटली की ती थेट बापाकडे यायची. महिन्याभरात तिला त्या एका शब्दातले सगळे अर्थ कळायला लागले. चहा पुढे करून 'होल्ड' म्हटलं की कप धर. घास भरवायची घाई झाली की जरा दम धर. खाटेवरून उठवताना म्हटलं, तर मला सोडू नकोस. आणि खिडकीतून गोदीकडे बघत म्हटलं, तर जहाजाच्या पोटातलं कोठार, जिथं बर्फात मासे रचतात. तेही होल्डच.

एक होल्ड मात्र तिला उलगडत नव्हता. शेगडीवरच्या फळीवर तिच्या भावाचा, डेरिकचा फोटो होता. आठ वर्षांपूर्वी तो बापाच्याच जहाजावरून समुद्रात वाहून गेला, बाविसाव्या वर्षी. त्या फोटोकडे बघून विल्फ अगदी हळू 'होल्ड' म्हणायचा आणि त्याचे डोळे वाहायला लागायचे.

आईला, एडनाला, विचारायची सोय नव्हती. विल्फ एकटा परत आला, त्या दिवशी एडना दारातच म्हणाली होती, "माझं पोर घेऊन गेलास आणि हात हलवत आलास." त्यानंतर तिनं त्याला जेवायला वाढलं, त्याचे कपडे धुतले, पण कामापुरतं सोडून त्याच्याशी बोलली नाही. आताही ती त्याचं सगळं करायची, पण तोंड मिटून.

एका रविवारी विल्फचा जुना सोबती लेन कागदात गुंडाळलेले दोन हॅडक मासे घेऊन आला. घटकाभर बसला आणि सिगारेट ओढायला मागच्या अंगणात गेला. नोरीन त्याच्या मागोमाग गेली.

"लेनकाका, डेरिकचा फोटो बघून बाबा होल्ड म्हणतात. का हो?"

लेनच्या हातातली काडी तशीच विझली. "तोच शब्द राहिलाय त्याच्याकडे?"

"तोच."

"अरे देवा." तो भिंतीला टेकला. "शपथ घातली होती गं त्यानं मला. पण आता कसली शपथ! मी तिथंच होतो, पोरी. डेकवर मासे साफ करत होतो आम्ही. वारा असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येईना. विल्फनं लाट येताना बघितली आणि ओरडला, होल्ड! दोर घट्ट धर, असं म्हणायचं होतं त्याला. पण कोठाराचं झाकण उघडं होतं. डेरिकला वाटलं, कोठारात पाणी शिरेल म्हणून ओरडतोय बाप. त्यानं दोर सोडला आणि झाकण लावायला धावला."

"मग?"

"मग लाट ओसरली. डेक धुऊन निघाला होता."

नोरीन पायरीवर बसली.

"समुद्रावर नेलं म्हणून एडना दोष देते तो मी सोसेन, विल्फ म्हणायचा. पण माझ्याच तोंडच्या शब्दानं पोर गेलं, हे तिला कळता कामा नये."

लेन गेल्यावर नोरीन स्वयंपाकघरात आली. आई बटाटे सोलत होती. सांगावं की नाही ते ठरेना, म्हणून तिनंही सुरी घेऊन दोन बटाटे सोलले. मग तिनं सगळं सांगितलं.

एडनाची सुरी थांबली. "धावला म्हणालीस? घाबरला नव्हता ना?"

"नाही गं. काम करायला धावला."

एडनानं हात पुसले, बाहेरच्या खोलीत गेली आणि विल्फच्या खाटेवर बसली.

"मला सांगितलं का नाहीस, मूर्खा?" ती म्हणाली. "तुला फाडून खाल्लं असतं मी. पण नंतर दोघं मिळून रडलो तरी असतो."

विल्फनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. बाहेर आला तो एकच शब्द.

त्या दिवसापासून ती त्याला विचारतच सुटली. पोरानं मोजे कुठले घातले होते? आदल्या दिवशी हसला होता का? माझी आठवण काढायचा का? विल्फला यातलं सगळं ठाऊक होतं. तो तळमळायचा, डावा हात खाटेवर आपटायचा. शेवटी नोरीन म्हणाली, "पुरे गं आई, नको छळूस त्यांना." तेव्हा कुठे एडना गप्प झाली. पण उठून गेली नाही. रोज संध्याकाळी ती तिथंच बसून राहायची.

फेब्रुवारीत विल्फ गेला. दफनाला लेन आला होता. सगळे पांगल्यावर एडनानं त्याला फाटकापाशी गाठलं.

"त्या दिवशी सकाळी डेरिक काय खाऊन कामाला लागला होता रे?"

लेननं डोक्यावरची टोपी काढली. खूप आठवून बघितलं.

"नाही आठवत, एडना," तो म्हणाला. "विल्फला आठवलं असतं."