खांबाआडचा आवाज

बंद पडलेल्या लाँड्रीच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडून प्रायोगिक नाट्यमहोत्सवाने एक रंगमंच उभा केला होता. तिथे रोज दुपारी ताईच्या धाकट्या भावाचा एकपात्री विनोदी प्रयोग असे. संहिता नाही, तालीम नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी विषय ओरडायचा आणि धाकट्याने तो उभ्याउभ्या रंगवायचा. शेवट मात्र ताईच्या हाती. हशा टिपेला पोचला की कोपऱ्यातल्या टेबलावरून तिने दिवे मालवायचे. ते कधी, हे त्यालाही ठाऊक नसे.

नोकरी सोडून तो या वाटेला लागला, तेव्हा घरात त्याची बाजू घेणारी ती एकटीच होती. "त्याचं आधी ठरवलेलं काही नसतं," असे ती छातीठोकपणे सांगत आली होती. आता तिच्याच मनात पाल चुकचुकत होती.

पहिल्या दिवशी विषय आला, कवळी हरवलेले मुख्याध्यापक. दुसऱ्या दिवशी, नळाऐवजी घरमालकिणीचे कान दुरुस्त करणारा बडबड्या प्लंबर. या दोन्ही नकला धाकटा घरी जेवताना वर्षानुवर्षे करत आला होता. विषय सांगणारा आवाजही एकच, शेवटच्या रांगेतल्या खांबाआडून येणारा, घोगरा.

"तो घोगरा माणूस कोण रे?" तिने सहज विचारल्यासारखे विचारले.

"असेल कुणी सर्दी झालेला रसिक."

"त्याला आपले मुख्याध्यापक बरे ठाऊक."

"ताई, कवळी काय एकाच मुख्याध्यापकाला असते?"

त्याने हसण्यावारी नेले. तिला ते हसणेच खटकले.

घरी तिने नवऱ्यापाशी मन मोकळे केले. तो बूट पुसत म्हणाला, "रंगतोय ना प्रयोग? मग कशाला खोलात शिरतेस?" मेव्हण्याला उठताबसता टोमणे मारणारा हा माणूस आज इतका मवाळ कसा, हे तिच्या ध्यानात आले नाही. संशय एकदा एका माणसावर बसला की दुसऱ्याकडे पाहू देत नाही. तिने ठरवले, धाकटा खोटा निघाला तर उद्यापासून त्याचे दिवे त्याने बघावेत.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "बोला मंडळी, विषय?"

कुणी बोलेना. मग खांबाआडून आवाज आला, "घोरणाऱ्या आत्याबाई."

ताईने प्रेक्षागृहाचे सगळे दिवे लावले. खांबाआड तोंडाला मफलर गुंडाळून तिचा नवरा बसला होता.

तिने मात्र भावाकडे पाहिले. त्याने डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली होती. लहानपणापासून खरोखर गोंधळला की तो असेच करी. नाटकात कधीच नाही. त्याला काही माहीत नव्हते.

"भावोजी, तुम्ही?"

नवरा मफलर सोडत उठला. "पहिल्या दिवशी तू विषय मागितलास आणि कुणी तोंड उघडेना. हिचा चेहरा बघवेना मला. मग तुला जे जमतं ते ओरडलो."

लोकांना हाही खेळच वाटला. ते हसू लागले. धाकट्याने कान सोडला.

"आत्याबाईंना झोपू द्या," तो म्हणाला. "आजचा विषय, घरी मेव्हण्याला नावं ठेवणारे आणि चोरून त्याचं नाटक बघणारे भावोजी. मफलर द्या इकडे."

ही नक्कल त्याने घरी कधीच केली नव्हती. मफलर गुंडाळून, खाकरत, तो स्वतःलाच नावे ठेवू लागला आणि तळघर हशाने दणाणले. नवऱ्याने ताईकडे पाहून हाताने खूण केली: मालव आता.

तिचा हात बटणावर होता. डोळे पुसायला तिने तो उचलला, आणि हशा टिपेला पोचूनही दिवे जळतच राहिले.