माझ्या अंगावरचा तुरा

मित्रांनो, अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीला मन असते, असे तुम्हाला कोणी शिकवले नसेल. मी तशीच एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे. मी गाणाऱ्याचा आवाज मोठा करते. पण ज्याने मला घडवले, त्याचाच आवाज माझ्या नशिबी राहिला नाही.

चिपळूणजवळच्या एका गावात महिपत खिडक्यांची कामे करतो. उरलेल्या जाड पत्र्यातून त्याने मला कापले. अ‍ॅल्युमिनियम मऊ, कानशीच्या दातांत चिकटून बसते. म्हणून तो आधी कानशीवर खडू घासायचा. ड्रिलवर रॉकेलचे थेंब सोडायचा. तरी माझे पहिले झाकण वाकडेच कापले गेले, कारण स्वारी मोजताना गाणे म्हणत होती!

त्याची बायको गुणवंती म्हणायची, "अवो, जेवाया चला. त्या पत्र्याला काय भाकर घालताय?"

आतल्या तारा जोडल्या रावजीने. तो महिपतचा लहानपणापासूनचा जिवलग. दोघे गावच्या जाखडीच्या मंडळात. जाखडीच्या सामन्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष गाण्यातून एकमेकांना सवाल घालतात. हे दोघे पक्के तुरेवाले. माझी गरम हवा बाहेर जायला पुढच्या अंगाला भोके हवी होती. महिपतने ती रांगेत न पाडता तुऱ्याच्या आकारात पाडली. हौसेला मोल नसते.

"म्हयपत, आता हिला कोन चोरनार नाय," असे म्हणून रावजीने माझ्यावर थाप मारली.

गणपतीत, शिमग्यात मी खूप गाजले. लोक विचारत, कुठून आणली? महिपत म्हणे, "आमी दोघांनी केली." त्या 'दोघांनी'वर मी फार खूश होते.

मग एके दिवशी रावजी आला. "वायर बदलून आनतो. सामन्याआधी देतो," म्हणाला. महिपतने मला आपल्या पंच्यात गुंडाळून त्याच्या हाती दिले. रावजी मला घेऊन थेट शक्तीवाल्यांकडे गेला. त्यांनी त्याला मुंबईच्या कार्यक्रमांचे आमिष दाखवले होते. माझा तुरा दिसू नये म्हणून त्याने सगळ्या भोकांवर काळी चिकटपट्टी लावली. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. माझे तर नाकही दाबले.

रत्नागिरीच्या सभागृहात दुपारी सामना लागला. समोर महिपतचे मंडळ; त्यांनी कोणाचा तरी खरखरणारा स्पीकर मागून आणला होता. त्यांचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचेना. इकडे दुसऱ्याच गाण्याला मी तापले, घोगरले आणि बंद पडले. शक्तीवाल्यांचा शाहीर रावजीवर डोळे वटारू लागला.

रावजी मोठ्याने म्हणाला, "पेटीच फुकट हाय. खिडक्या करनाऱ्याचं काम ते!"

महिपतने ते ऐकले. मी आधीच भाजत होते, पण या शब्दांनी जास्त पोळले.

महिपत उठून आला. त्याने माझ्यावर हात ठेवला, चटका बसला तसा झटकला आणि नखाने पट्टी सोलून काढली. सगळ्यांसमोर तुरा उघडा पडला.

"हिला श्वास घेऊ दे, रावजी," तो एवढेच बोलला.

मी थंड झाले, आवाज परतला. आणि त्या आवाजातून पहिले काय निघाले? महिपतच्या मंडळाची टर उडवणारे गाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटीला नकार देता येत नाही, मित्रांनो. महिपत खाली मान घालून बसला होता. सामना त्याच्या मंडळाने गमावला.

शेवटी रावजीने मला पुढे केले. "घे तुजी पेटी."

"माजी कवा हुती? दोगांची हुती," महिपत म्हणाला. "एकट्याला नको."

आता मी रावजीच्या माळ्यावर आहे. खाऱ्या हवेने अंगावर बुरशीसारखी पांढरी पूड चढली आहे, तुऱ्याची भोके धुळीने बुजली आहेत. मित्रांनो, कोणी विश्वासाने हातात दिलेली वस्तू जपा, आणि देणाऱ्याला तर त्याहून जपा. माझे काय व्हायचे ते होवो. पण महिपतचा पंचा अजून माझ्याखाली अंथरलेला आहे. तो तरी त्याला कोणी नेऊन द्या.