शेगडीची जागा

भाऊसोंनी काडी ओढली, बटण फिरवलं आणि भप्प करून निळा जाळ वर आला. विजयमाला दोन पावलं मागं सरली. गळ्यातला चांदीचा टाक तिनं मुठीत धरला, तर तो चटका बसावा इतका तापलेला. डोक्यावर पंखा गरगरत होता, जाळ चांगला चार हात लांब होता, आणि टाक मात्र तापलेला. तिनं तो पदराच्या आत सोडला.

"भिऊ नका वहिनी," भाऊसो म्हणाले. सांगलीत गणपती पेठेत त्यांचं भांड्यांचं आणि शेगड्यांचं दुकान. गिऱ्हाईक दारात आलं की त्याला काय हवं ते त्याच्याआधी यांना कळायचं. "याला कुकिंग रेंज म्हणतात. वर चार बर्नर, खाली भट्टी. ओट्यावर ठेवायची भानगड नाही, स्वतःच्या पायावर उभी राहते. पंप मारणं नाही, पिन घालणं नाही."

"पंपाचं नावच काढू नगा," विजयमालाचा नवरा नाथाजी म्हणाला. "आमच्यात इस्टू चालत न्हाई. पयलीचं तसं झाल्यापास्नं राकेलचा थेंब उंबऱ्याच्या आत येऊ दिला न्हाई मी. ती गेली, आन् पयलं काम काय केलं, तर घरात गॅस आणला. म्हटलं, जे तिच्या नशिबी आलं ते दुसरीच्या नको."

भाऊसोंनी जीभ टाळूला लावून हळहळ दाखवली. सगळेच दाखवायचे. रहिमतपूरच्या आसपासच्या चार गावांत ही गोष्ट ठाऊक होती: नाथाजी पलटणीतून रजेवर आलेला, भल्या पहाटे पहिल्या बायकोनं, हौसानं, मळ्यातल्या घरी चहाला स्टोव्ह पेटवला, भडका उडाला, आणि नाथाजी धावत येईपर्यंत सगळा खेळ संपला. बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणा मारायच्या, की बघा, बायकोची माया असावी तर अशी.

विजयमालानं हौसाला कधी पाहिलं नव्हतं, पण चार वर्षं गळ्यात वागवलं होतं. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं मेलेल्या सवतीची मूर्त कोरलेला टाक घालायचा, नवं लुगडं आधी तिला लावायचं, सणाचा घास आधी तिला दाखवायचा, म्हणजे ती शांत राहते. विजयमालानं यात कधी कसूर केली नाही. जतकडची पोर ती, टँकरमागं घागर घेऊन पळत लहानाची मोठी झालेली. बिनहुंड्याचं स्थळ आलं म्हणून बापानं डोळे मिटून दिली. घरात दुभतं होतं, ऊस होता, आणि नवऱ्यानं कधी आवाज चढवला नव्हता. खरं सांगायचं तर कधी कधी तिला वाटायचं, एकदा तरी चढवावा. त्याच्या गप्प बसण्याची तिला भीती वाटायची.

मूल झालं नव्हतं. हौसालाही झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात म्हसवडकडून पाहुणे येऊन गेले. दोघे बाप्ये आणि एक म्हातारी. कुठले, कोणाचे, हे विजयमालाला कुणी सांगितलं नाही. म्हातारी यंदाच बांधलेल्या नव्या बंगल्यात खोलीखोलीतून फिरली, स्वयंपाकघरात थांबली, भिंतीवर टिचकी मारून म्हणाली, "पोरीला ऐसपैस हाय." विजयमाला चहाचा ट्रे घेऊन मागंच उभी होती. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पाहुणे गेल्यावर सासू, रंगूबाई, दिवसभर जेवली नाही. आणि आठ दिवसांत नाथाजीनं सांगलीला जायचं काढलं.

"वापरणार कोण?" भाऊसोंनी सहज विचारलं.

"घरातली बाई," नाथाजी म्हणाला.

विजयमाला शेजारीच उभी होती. त्यानं तिच्याकडं बोट केलं नाही की मान वळवली नाही.

"तुला कुठली पसंत हाय ती घे," तो तिला म्हणाला. "मी टेम्पोचं बघून येतो." आणि तो पायऱ्या उतरून गर्दीत गेला.

दुकानात चार-पाच रेंजा मांडलेल्या होत्या, पांढऱ्या, काळ्या, एक लालभडक. विजयमाला एकेकीची दारं उघडून बघत राहिली. भट्टीत डोकं घातलं की आतून लोखंडाचा थंड वास यायचा. ती वाकली की टाक पदरातून सुटून पुढं लोंबायचा आणि पत्र्यावर टक् करून वाजायचा. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मात्र ती वाकलीच नव्हती, सरळ उभी होती, तरी टक् झालं.

"वहिनी, गॅसचं कार्ड आणलंय का?" भाऊसोंनी विचारलं. "रेंजला एका सिलिंडरवर भागत नाही. दुसऱ्याचा अर्ज मीच भरून देतो."

कार्ड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते नाथाजीच्या ट्रंकेत, कुलपात. सिलिंडर आला की सही करायला तो स्वतः शेतातून यायचा. पण आज पहाटे निघताना रंगूबाईनं तिची कापडी पिशवी ओढून घेतली होती आणि भाकरीच्या फडक्याखाली काहीतरी सारलं होतं. "दुकानदार मागंल तर दे," एवढंच म्हणाली होती. ट्रंकेची किल्ली म्हातारीला कशी सापडली, देव जाणे.

विजयमालानं ते मळकं, घडीचं कार्ड काढून दिलं. भाऊसोंनी चष्मा लावला.

"सौभाग्यवती हौसाबाई नाथाजी. म्हणजे तुम्हीच ना? जोडणी मार्च सत्त्याऐंशीची, लष्करी कोट्यातली. लष्करवाल्यांना लवकर मिळायची तेव्हा, आम्ही इथं सहा-सहा वर्षं थांबत होतो."

"कवाची म्हणालात?"

"मार्च सत्त्याऐंशी. हे बघा की."

विजयमाला सातवी शिकलेली. तिनं कार्ड हातात घेतलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सिलिंडर पोचल्याची तारीख, पुढं सही. वाकडीतिकडी, पोरीसोरीनं पाटीवर काढावी तशी: हौसा. खाली पुन्हा हौसा. पुन्हा हौसा. शेवटची हौसा पंधरा जानेवारी अठ्ठ्याऐंशीची. त्याच्याखालच्या ओळीला एकदम मे महिना, आणि तिथून पुढं पलटण सोडून आलेल्या नाथाजीची सही.

हौसा गेली ती संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी. विजयमालाला तिथी-तारखा पाठ होत्या, कारण दरवर्षी त्या दिवशी ती हौसाच्या नावानं सवाष्ण जेवू घालत होती. अठरा जानेवारी. म्हणजे तीन दिवसांपूर्वी आलेला भरलेला सिलिंडर घरात होता. काडी ओढली की पेटणारी शेगडी घरात होती. मग पहाटेच्या काळोखात रॉकेलचा स्टोव्ह कुणी काढला? आणि तिच्या माघारी गॅस आणला, असं हा माणूस सात वर्षं गावभर का सांगत फिरतोय?

तिनं लाल रेंजचा कठडा धरला.

"पाणी देऊ का?" भाऊसो म्हणाले.

"पाणी नको. एक पाकीट द्या. पोस्टाचं."

भाऊसोंनी गल्ल्यामागून पाकीट काढून दिलं. तिनं कार्ड त्यात घातलं, वर जतचा पत्ता लिहिला, भावाचं नाव लिहिलं, जोतिबा. आत चिठ्ठी लिहायला तिला जमेना. शेवटी भाऊसोंच्या पावतीच्या पाठीवर तिनं एवढंच लिहिलं: हे जपून ठेव, आणि मला बघायला ये.

"अहो, पण अर्जाला लागेल की कार्ड."

"अर्ज मागनं करू. एवढं पोस्टात टाका, आजच टाका. तुमच्या पाया पडते."

भाऊसोंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं.

नाथाजी परत आला तेव्हा ती म्हणाली, "ही तांबडी घेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोवाला आकाराम आणि त्याचा जोडीदार रेंज उचलून आत घेऊन आले. रंगूबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होती. नाथाजीनं ओट्याशेजारच्या भिंतीकडं बोट केलं. "तितं. भिंतीला चिकटवा."

"भिंतीला नको," विजयमाला म्हणाली. "फिरवा. तिची पाठ दाराकडं करा. भिंतीत आन् तिच्यात मी उभी राहीन."

आकाराम हसला. "आवं वैनी, असं कुठं अस्तंय? खोलीच्या मधीच येतीया की."

"येऊ दे. रांधताना माझी पाठ दाराकडं नको."

नाथाजीनं भिंतीकडं केलेलं बोट तसंच ठेवलं. आकाराम एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. तेवढ्यात रंगूबाईनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि येऊन रेंजला खांदा लावला.

"ढकल रं," ती आकारामला म्हणाली. "हे मी सात वर्सांमागं करायला पायजे हुतं."

रेंज फरशीवर करकरत फिरली. जुन्या शेगडीचा सिलिंडर जोडला. माणसं गेली. नव्या स्वयंपाकघरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं, म्हणून विजयमालानं पातेलं ठेवलं, काडी ओढली. जाळ पहिल्याच काडीला लागला.

नाथाजी दारात आला. त्याच्या हातात ट्रंकेची किल्ली होती.

"कार्ड कुठं हाय?"

"जतला. माझ्या भावाकडं पाठवलंय."

"कशाला?"

"हौसाबाईची सही हाय त्याच्यावर. पंधरा जानेवारीची."

रंगूबाई परत सूप घेऊन बसली होती, उंबऱ्यावरच, मुलाच्या पायाशी, आणि आत जायला तेवढीच वाट होती. दूध फुगून काठाला आलं, मग उतू गेलं, जाळावर चरचरलं. विजयमालानं खाली पाहिलं नाही. ती दाराकडं बघत उभी राहिली.