तिसऱ्या खुणेवरचा सायरन

“आणि एक सांगते, घर शांत करू नका.”

दादाला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणायच्या दिवशी कानवाल्या बाईंनी मला जिन्यात थांबवून हे बजावलं होतं. मी मान डोलावली, या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. साडेतीन महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला शांततेबद्दल कुणी काय शिकवावं? जेवण, अंघोळ, अर्धा तास झोप, माझ्या घरात जे काही भलं होत होतं ते शांततेच्याच कृपेने होत होतं.

कानवाल्या बाई केंद्राच्या वरच्या मजल्यावर आवाजाची सत्रं घेतात. आधी बरीच वर्षं त्यांनी इस्पितळात लोकांचे कान तपासले, म्हणून हे नाव. पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीतल्या जाड चटया आणि काशाच्या वाट्या पाहून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मी विज्ञान शिकलेली. त्यांनी आठ्या बरोबर वाचल्या.

“अहो ताई, वाटीने दारू सुटत नाही. सुटली असती तर भांड्यांच्या दुकानात कुणी पिणारा उरला नसता. गोळ्या आणि समुपदेशन चालूच राहणार. इथे फक्त अंगाला पटवायचं, की आवाज आला म्हणजे संकट आलं असं नाही. आणि तो थांबवता येतो, तेही आपल्याच हाताने.”

म्हणून तिथे प्रत्येकाच्या हाताशी आवाज कमी-जास्त करायचं एक गोल बटण असतं, दहा खुणांचं. दादासाठी बाई स्पीकरवर सायरन लावायच्या. पहिली खूण म्हणजे चार गल्ल्या पलीकडून गेल्यासारखा, दहावी म्हणजे डोक्यावर. नको झालं की बटण मागे फिरवायचं, डोळे मिटायचे आणि ओठ बंद ठेवून लांब हुंकार द्यायचा, श्वास संपेपर्यंत. दादा तिसऱ्या खुणेवर पोचला होता.

सायरन का, ते सांगते. माझा दादा अकरा वर्षं रुग्णवाहिका चालवत होता. एका दुपारी तो पुलावर अडकला. मागे सहा वर्षांची एक मुलगी होती आणि पुढच्या गर्दीतलं एकही चाक हलत नव्हतं. चाळीस मिनिटांनी तो इस्पितळात पोचला तेव्हा घाई करण्याचं कारण उरलं नव्हतं. आम्हाला माहीत होतं ते एवढंच. बाकीचं सांगण्याऐवजी तो प्यायला लागला. आधी झोप लागावी म्हणून, मग उठता यावं म्हणून. आता पुन्हा बाटलीला हात लावला तर यकृत ऐकून घेणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. त्याला माझ्या घराशिवाय दुसरं घरही नव्हतं.

तेव्हा मी कंबर कसली. खुर्च्यांच्या पायांना बुचाच्या चकत्या लावल्या. त्याचा फोन मुका केला. लेकीचा, ठमीचा, पाळणा मागच्या खोलीत नेला. तिने तोंड उघडायचा अवकाश, की मी तिला छातीशी धरून आत पसार! रडण्याचा अर्धा सूर बाहेर, अर्धा दाराआड. नवरा एक दिवस माझ्या कानाशी कुजबुजला, “शिंक आली तर अर्ज कुठे द्यायचा?”

“तुला चेष्टा सुचतेय.”

“सुचतेय, पण ती तरी मोठ्याने करता येतेय का?”

दादा मात्र बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. त्याने ठमीला कधी मागितलं नाही आणि मीही कधी दिलं नाही. त्याचे हात थरथरायचे. माझं लक्ष असायचं त्या हातांवर.

आठवड्यातून दोनदा त्याला सत्राला न्यायला केंद्रातला एक माणूस यायचा, सगळे त्याला भोंगा म्हणत. तो स्वतः सहा वर्षांपूर्वी दारूतून सुटलेला. त्याचा आवाज असा, की खालून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचे पडदे हलतील. “ड्रायव्हरसाहेब! गाडी लागलीय!”

“अहो, हळू,” मी गॅलरीतून दटावलं. “घरात बाळ आहे.”

“बाळ आहे तर मग घर एवढं मुकं कसं हो, ताई?”

“पुढच्या वेळी वर या आणि बेल वाजवा, सभ्य माणसासारखी.”

“सभ्य तर सभ्य,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी बेलच्या आवाजाने ठमी दचकली, तेव्हा मी स्टुलावर चढून बेलच्या तारा सोडवल्या. भोंग्याला काय सांगितलं होतं ते साफ विसरून गेले.

त्या मंगळवारी नवरा कामावर गेला होता. मी ठमीला लस टोचायला नेलं. दादा दाढी करून, बूट घालून सत्रासाठी तयार होता. साडेअकराला परत आले तर दार नुसतं ओढलेलं. त्याचा कप धुऊन पालथा घातलेला. टेबलावर मुका फोन, त्यावर भोंग्याचे दोन मिस्ड कॉल. आणि सत्राची पिशवी जागच्या जागी.

मी कानवाल्या बाईंना फोन लावला.

“भोंगा येऊन गेला की,” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटं बेल दाबत उभा होता. तुम्ही रागावला होतात म्हणून हाक मारली नाही, दारही ठोठावलं नाही म्हणाला. मला वाटलं, तुमचा दादा तुमच्याबरोबर लसीला गेला.”

मी दारावरच्या दोन उघड्या तारांकडे बघितलं. “बेल मी काढून ठेवलीय.”

त्या म्हणाल्या, “ते नंतर बोलू. त्याला बागेत, देवळात, शांत जागी शोधू नका. तिथे तो टिकायचा नाही. आवाज असेल तिकडे जा. मीही निघते.”

ठमीला तसंच छातीशी बांधून मी निघाले. दारूचं दुकान कुठे आहे ते मला ठाऊक होतं. किती पावलांवर आहे तेही ठाऊक होतं. दुकानात तो नव्हता. पण त्याच्या पलीकडे बस डेपो, आणि तिथे दहा-बारा इंजिनं एकदम घरघरत होती. तिसऱ्या फलाटाच्या बाकावर दादा बसला होता. दोन गुडघ्यांमध्ये कागदात गुंडाळलेली बाटली.

“उघडली नाही,” मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. मग म्हणाला, “अजून.”

मी शेजारी बसले.

“दीड तास बूट घालून बसलो होतो, बुटके. म्हटलं, यांनीही नाद सोडला आपला.”

“भोंगा आला होता. बेल मी काढली होती, दादा.”

“का?”

“तुला आवाजाचा त्रास नको म्हणून.”

एक बस निघून गेली.

“ती मुलगी मागे रडत होती ना,” तो म्हणाला, “तोवर मला धीर होता. रडतेय म्हणजे आहे. पुलाच्या मध्यावर तिचं रडणं थांबलं. सायरन चालूच. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही माझी.” त्याने कागद मुठीत आवळला. “तुझ्या घरी ठमी रडायला लागते आणि मध्येच आवाज बंद होतो. दर वेळी मी उठून त्या दारापर्यंत येतो.”

मी त्याला त्या दाराशी पाहिलं होतं. पाहून आतून कडी लावून घेतली होती.

तेवढ्यात ठमीने टोचलेला पाय हलवला आणि भोकाड पसरलं. माझा हात सवयीने तिला दाबून धरायला गेला. मी तो मागे घेतला. तिचं कपाळ तापलं होतं. मी बांधलेला कपडा सोडला आणि म्हणाले, “हिला तापाचे थेंब द्यायचेत. मला दोन्ही हात लागतील. धर.”

त्याने बाटलीकडे बघितलं. “माझे हात बघ गं, कसे...”

“थरथरू देत. तिला फुकटचा झोका मिळेल.”

बाटली हातात ठेवून बाळ धरता येत नाही. त्याने ती बाकाखाली ठेवली आणि ठमीला घेतलं. एक तळवा मानेखाली, एक पाठीखाली. रुग्ण उचलणाऱ्या माणसाला हे काही शिकवावं लागत नाही. मी पिशवीतून औषध काढलं आणि झाकण उघडायला लागत होता त्याहून जास्त वेळ लावला. त्याने ओठ मिटून तो लांब हुंकार सुरू केला. ठमी चमत्काराने गप्प वगैरे झाली नाही, उलट आणखी चेकाळली.

“फुप्फुसं झकास आहेत हिची,” दादा म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता.

“ड्रायव्हरसाहेब!” फलाटाच्या टोकाकडून भोंगा ओरडला. तीन बसमधली माणसं खिडक्यांतून वळली. “अहो, बेल बंद होती! मी आलो होतो!”

“कळलं!” दादा तेवढ्याच मोठ्याने ओरडला. “आता हिच्याशी स्पर्धा लावू नकोस!”

मागून धापा टाकत कानवाल्या बाई आल्या. त्यांनी बाकाखालची बाटली उचलली, सील तपासलं, ती आपल्या पिशवीत टाकली आणि मला एवढंच म्हणाल्या, “सत्र बुडवायचं नाही. चला सगळे. हिलाही घ्या.”

या गोष्टीला सात आठवडे झाले. दादाचे वाईट दिवस असतात, पण त्या दिवशी तो तोंडाने सांगतो आणि भोंग्याला फोन करतो. दुपारी ठमी त्याच्याकडे असते आणि मी दार सताड उघडं ठेवून झोपते. ती रडली तर तो मला उठवत नाही. तो प्यायलेला नाही, आणि उद्याही पिणार नाही असं मी आता न चाचरता म्हणते.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असं नुकतंच सुटून घरी आलेलं असेल, आणि त्याला त्रास नको म्हणून तुम्ही लांब राहिला असाल. आज जाऊन या त्याच्याकडे. सकाळपासून कुणाची वाट बघत होतास का, एवढंच विचारा, आणि तो खरं सांगेपर्यंत तिथून उठू नका.