अर्ध्या माणसाचा पाय

मी एक जुना तक्ता आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला, भूगोलाचा. माझ्या माथ्यावर लिहिलं आहे, 'मुंबई : लोकसंख्या व व्यवसाय'.

मित्रांनो, एकोणीसशे शहाण्णव साली नाशिकच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. आधी निळा समुद्र छापला, मग काळी माणसं. गिरण्या, बंदर, मासेमारी, कचेऱ्या, बांधकाम अशा ओळी आणि प्रत्येक ओळीत बोटाएवढी, बिनचेहऱ्याची माणसं. एक चित्र म्हणजे एक लाख. बांधकामाच्या ओळीत शेवटी पन्नास हजार उरले, म्हणून तिथला माणूस उभा चिरला. एक हात, एक पाय, अर्धं डोकं.

पेठच्या डोंगरातल्या शाळेत मी आलो, तेव्हा माझं फार कौतुक झालं. समुद्र न पाहिलेली मुलं माझ्या निळ्या रंगावर गाल टेकवायची. त्या अर्ध्या माणसाला मात्र ती 'लंगड्या' म्हणायची, आणि शाळा सुटल्यावर त्याच्याकडे पाठ करून जायला घाबरायची.

पुढे शाळेत खिचडी शिजू लागली आणि चुलीपाशी धोंडाबाई आली. तिचा मुलगा पुंजा द्राक्षबागेच्या कामाला गेला होता. तिथून मुकादमाबरोबर मुंबईला, इमारतीवर. डोंगरातली माणसं कुठेही राबायला गेली तरी होळीला घरी येतात. पुंजा दोन होळ्या आला नव्हता. मुकादम म्हणायचा, "येवढ्या माणसांत कुठं शोधू?"

धोंडाबाईचा दीर देवराम चिऱ्याचा विषय काढायचा. चिरा म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने बसवायचा दगड.

"वयनी, या होळीला बसवून टाकू. त्याचा जीव तरी भटकायचा नाय."

"आन जित्ता आसला तर?"

"जित्ता आसता तर आला नसता?"

एका दुपारी भांडी घासून झाल्यावर ती ओल्या हातांनी माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, ही मुंबईची माणसं ना?"

"हो, मावशी. आणि ही ओळ बांधकामाची," नाशिकहून आलेल्या योगिनीबाई म्हणाल्या.

तिचं बोट एकेका माणसावरून सरकत गेलं आणि अर्ध्यापाशी थबकलं. "याचा पाय कुठं गेला? वरून पडला का काय?"

"तो एक माणूस नाही, मावशी. पूर्ण चित्र म्हणजे एक लाख. हे पन्नास हजार, म्हणून अर्धं."

"पन्नास हजार? आन समदे आर्धे?"



दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत धोंडाबाईने चुलीतला कोळसा आणला. अर्धं डोकं पुरं केलं, हात काढला, मग पाय. तिला चित्र काढायची सवय नव्हती. पाय लांब आला, माझ्या कडेच्या बाहेर पाऊल टाकल्यासारखा. योगिनीबाई ओलं फडकं घेऊन आल्या. "आकडा चुकला, मावशी," एवढंच हळू म्हणाल्या आणि त्यांनी फडकं खाली ठेवलं.

होळीच्या सकाळी देवराम खांद्यावर दगड घेऊन आला. "चल वयनी, चिरा बसवायला भगत थांबलाय."

तिने त्याला माझ्यापाशी ओढत आणलं. "बघ. पाय आलेत त्याला. चालत्या माणसाचा चिरा बसवतोस व्हय?"

"येडी झालीस का तू?" तो म्हणाला. पण त्या कोळशाच्या पायावरून त्याने एकदा बोट फिरवलं. जाताना दगड शाळेच्या पायरीपाशी टेकवून गेला. तो अजून तिथेच आहे. त्यावर काही कोरलेलं नाही. मुलं त्यावर बसून खिचडी खातात.

नंतर नव्या जनगणनेचा तक्ता आला. त्यावर माणसं नाहीत, रंगीत खांब आहेत. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझा समुद्र कुरतडला. गुंडाळीत लाखो माणसं एकमेकांवर गप्प पडून असतात. एकजण मात्र स्वस्थ नसतो. कापडावर कोळसा घासल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. होळी जवळ आली की तो वाढतो. मग धोंडाबाई शिडी लावते, मला खाली काढते आणि पुसट झालेला पाय पुन्हा गडद करते.

मित्रांनो, नवा तक्ता जरूर पाठ करा. पण खांबाची उंची वाचताना बोट जरा थांबवा. आणि मला रद्दीत देऊ नका. त्याला अजून घरी पोचायचं आहे.