ताई म्हणू नकोस

माझ्यासाठी बॉनहून स्थळ आलंय हे मला कळलं, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून त्याच्या पँटची लांबी धरत होते आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, फोनवर सांगत होते, आमच्या ऊर्मिलाला लग्नात रस नाही हो, चाळिशी उलटली, शिवाय दुकानात तिची मला जरा मदत होते.

जरा मदत. इंगोलश्टाटच्या या कपडे दुरुस्तीच्या दुकानात सोळा वर्षं मापं मी घेते, कापते मी, फिनान्सआम्टची, म्हणजे कर खात्याची, पत्रं वाचून डोकं मी फोडते. आप्पांचं जर्मन अजून 'गेनाऊ'च्या, म्हणजे 'बरोबर'च्या, पुढे सरकलेलं नाही.

गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. मग विचारलं, मला न विचारता नाही कसं म्हणालात?

"अगं, तू गेलीस तर दुकानाचं काय?"

माझं काय, हा प्रश्न त्यांना शिवलाही नाही. इतकी वर्षं शिलाईच्या धंद्यात असून.

मी तणतणत आतल्या खोलीत गेले. तिथे सिद्धेश मशीनवर होता. नऊ वर्षं आमच्याकडे आहे. त्याची शिलाई शोधून सापडत नाही, आणि आप्पा त्याला नुसतं 'ए' म्हणतात. मी चिडले की माझ्यापुढे गुपचूप चहा ठेवतो. आजही उठायला लागला.

"चहा नको. माझ्याशी लग्न करशील?"

तो पुन्हा बसला. "ऊर्मिलाताई..."

"ते 'ताई' आधी उसव."

एखादा महागडा कोट हातात आल्यासारखं त्याने मला नीट निरखलं. मग म्हणाला, "नऊ वर्षांची शिलाई आहे. जपून उसवावी लागेल. पण उसवतो."

आप्पा दारात उभे होते. "ताई म्हणतो तो तुला. लोक काय म्हणतील?"

"म्हणायला तुम्हीच लावलंत, आप्पा. पहिल्याच दिवशी."

त्यांनी नजर वळवली. म्हणजे मला दुकानातच ठेवायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. माझा राग जो इतका वेळ उकळत होता, तो एकदम गार, घट्ट झाला. गळ्यातली मापाची पट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली. सांगितलं, तीन वाजता एक बाई कोटाच्या बाह्यांसाठी येणार आहे.

सिद्धेशने स्वतःची कात्री तेवढी उचलली.

"चला... ऊर्मिला," तो म्हणाला. कान लाल झाले होते. 'चला'चं पुढे बघू.

मागून आप्पांनी विचारलं, टाचण्या कुठे ठेवल्यास?

मी उत्तर दिलं नाही. तोंडात आता एकही टाचणी नव्हती.