घोसाळ्याचा वेल

पहिलं पाणी

अक्कम्मानं फिरवलेली घागर नागूबाईच्या कानशिलावर बसली नाही, खांद्यावर बसली, एवढंच नशीब. पितळ वाजलं, हाडही वाजलं. नळावरच्या बाया मागं सरल्या, पण रांग कुणी सोडली नाही. बहात्तरचा दुष्काळ. सोलापुरात तेव्हा माणूस पडलेलं चालायचं, नंबर गेलेला चालायचा नाही.

"चोर हाय ही," अक्कम्मा म्हणाली. "समद्या गल्लीच्या तुळशी जळाल्या आन् हिच्या पत्र्यावर घोसाळी लटकत्यात. कुटनं येतं गं पाणी? गुरुसिद्धप्पा देतो व्हय?"

गुरुसिद्धप्पा म्हणजे नळाचा चावीवाला. लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून यायचा, गल्लीचं पाणी सोडायचा, बंद करायचा. त्याचं नाव निघालं तशा बाया हसल्या. नागूबाईला घागरीपेक्षा ते हसू जास्त लागलं.

"जेवढं तुला तेवढंच मला मिळतंय," ती म्हणाली. "परवा माज्याच घोसाळ्याची भजी खाल्लीस, तवा चोरीची लागली न्हाईत ती?"

अक्कम्माचा हात पुन्हा उठला. तेवढ्यात नळ खाकरला, धार आली आणि तोच हात घागर घेऊन धारेखाली गेला.

दुसरं पाणी, आणि तिसरं, आणि पुढचं

नागूबाई सांगोल्याकडची. तिकडं पोरीला पाऊल टाकायच्या आधी पाणी धरायला शिकवतात. डाळ धुतलेल्या पाण्यात ती ताटं विसळायची. भांड्यांना राख. अंघोळ घमेल्यात उभं राहून. घमेल्यातलं पाणी फडक्यानं गाळायचं, त्यात रिठे कुस्करायचे आणि धुणं काढायचं. धुण्याच्या पाण्यानं मोरी. त्यानंतर जे काळं, आंबूस उरायचं, ते वेलाच्या बुडाशी पुरलेल्या मडक्यात. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधी. मुळाला थेंब थेंब जायचं.

एवढ्या उष्ट्या पाण्यावर वेल पत्र्यावर चढला होता. बाजाराची पिशवी खुंटीवरच राहायची, आणि जून झालेलं घोसाळं वाळलं की अंग घासायला व्हायचं. घरात साबणाची वडी येऊन किती महिने झाले, हे तिलाही आठवत नव्हतं.

तिचा नवरा यशवंत मात्र घमेल्यात पाय ठेवायचा नाही. "मी काय म्हस हाय, घमेल्यात हुबं ऱ्हायला?" म्हणायचा. मागाच्या कारखान्यातच हातपाय धुऊन यायचा. त्यामुळं घरातलं पाणी कुठून कुठं जातं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

चौथं पाणी

मागांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावंच लागतं. शेजारच्या मागावरचा सिद्रामप्पा ओरडला, म्हणून साऱ्या कारखान्याला ऐकू गेलं.

"यशवंता, तुजा येल लई तरारलाय की रं. पाणी कोण घालतंय? तू का चावीवाला?"

यशवंतानं माग थांबवला. त्यातला धोटा काढला. लाकडी, होडीसारखा, दोन्ही टोकांना पोलाद. तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून यशवंत पाळी सुटायच्या आधीच घरी आला. नागूबाई दारात बसून फडक्यानं घमेल्यातलं पाणी गाळत होती.

पहिला तडाखा पाठीवर. दुसरा तिनं हातावर झेलला, बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. घमेलं उलटलं नाही. तिनं ते पायानं बाजूला सरकवलं होतं.

"कवा येतो त्यो?"

"कोण?"

"पाणी घालाया."

"अवं, डोळं उगडून बगा तरी, त्या बुडाशी..."

त्यानं बघितलं नाही. वेल हिसडला. पत्र्यावरून तो खाली आला, घोसाळी ओट्यावर आपटून फुटली. बुंधा सुटेना, तेव्हा धोट्याच्या टोकानं ठेचला. हिरवा रस त्याच्या तोंडावर उडाला.

पाचवं पाणी

नेमका त्याच वेळी गुरुसिद्धप्पा संध्याकाळचं पाणी सोडायला गल्लीत शिरला. बाया घागरी मांडून बसल्या होत्या. यशवंत धावला आणि धोटा त्याच्या कानावर घातला. कानाची पाळी फाटली.

गुरुसिद्धप्पाला आधी कळेचना. "येन आयतु? काय केलं मी?" असं कानडीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत विचारून झालं. धोट्याचा दुसरा तडाखा आला तेव्हा मात्र त्यानं चावी फिरवली. लोखंड यशवंताच्या डोक्यात बसलं आणि तो मटकन खाली बसला. रक्त भुवईवरून छातीवर आलं.

"आणखी मार," कुणीतरी म्हणालं. कुणाला, ते कळलं नाही.

नागूबाई आली ती रडत नाही, दोन्ही हातांत मातीनं लडबडलेलं मडकं घेऊन. पदर कमरेला खोचलेला, मनगटाचं रक्त मडक्यावर. एरवी ती नवऱ्याला तुमी म्हणायची.

"चाख," ती म्हणाली.

यशवंतानं तोंड फिरवलं. तिनं त्याचे केस मुठीत धरले, मान मागं ओढली आणि मडकं ओठांवर दाबलं. दात मडक्यावर कडकडले. राखेचं, रिठ्याचं, घामाचं, सडक्या डाळीचं पाणी त्याच्या घशात गेलं, नाकात गेलं. तो ओकला. वास सगळ्या गल्लीत पसरला. अक्कम्मानं नाकाला पदर लावला.

"नळाचं हाय का?"

"न्हाय."

"मोठ्यानं."

"न्हाय," तो म्हणाला. "घमेल्यातलं हाय. धुण्याचं."

नागूबाईनं अक्कम्माकडं बघितलं. अक्कम्मानं घागरीकडं बघितलं. गुरुसिद्धप्पानं कानाला उपरणं बांधलं आणि जाऊन पाणी सोडलं, कारण वेळ झाली होती. नळ खाकरला तशी सगळी गल्ली तिकडं वळली. माफी कुणी मागितली नाही. फक्त नागूबाईचा नंबर कुणी घेतला नाही. तिची रिकामी घागर अक्कम्मानं भरून ओट्यावर आणून ठेवली.

पुन्हा पहिलं

धोटा नागूबाईनं चुलीत घातला. तेल मुरलेलं लाकूड, चांगलं जळलं. पोलादाची टोकं राखेत राहिली. पाणी कोमट झालं.

"घमेल्यात हुबा ऱ्हा."

यशवंत उभा राहिला. तिनं वाळक्या घोसाळ्यानं त्याच्या मानेवरचं रक्त घासलं. जखमेजवळही हात हलका केला नाही. तो कण्हला. घमेल्यातलं पाणी तांबडं झालं.

"हात पुन्यांदा उचललास तर ह्याच घमेल्यात तुजं समदं रगात धरीन," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. यशवंतानं मान हलवली.

मग तिनं घमेलं उचललं. मडकं तिनं आधीच पुन्हा जागेवर पुरलं होतं. ठेचलेल्या बुंध्याशी ती वाकली.

"आता कशापाई घालतीस?" यशवंत मागून म्हणाला. "मेला की त्यो."

"मग काय वतून देऊ व्हय?" नागूबाई म्हणाली, आणि फडकं लावून ते पाणी गाळू लागली.